बाबांचा राजीनामा

आमच्या घरात ‘नाराज’ हा शब्द माणसांपेक्षा शेळ्यांसाठी जास्त वापरला जायचा. सकाळी माय धार काढायला बसली आणि शेळीनं पान्हा चोरला की ती म्हणायची, “आज ही नाराज हाय. काल पाला कमी पडला हिला.” चूल धुमसत राहिली तर चूल नाराज, भाकरी फुगली नाही तर तवा नाराज, ढग येऊन नुसतेच निघून गेले तर आभाळ नाराज. माणसांच्या बाबतीत मात्र ती हा शब्द जपून काढायची. तिच्या लेखी नाराज होणं म्हणजे रागावणं नव्हतं आणि रुसणंही नव्हतं. रागावलेला माणूस बोलून मोकळा होतो. रुसलेल्याला आपली समजूत काढली जावी असं वाटत असतं. नाराज माणूस वेळेवर जेवतो, कामाला जातो, विचारलं तर काही नाही म्हणतो, आणि आतून एक दार लावून घेतो. “राग दिसतो लेका,” माय म्हणायची, “नाराजी वळकावी लागती.” मायला अक्षर येत नव्हतं. पण पुढे आयुष्यभर शब्दांची कामं करूनही मला या शब्दाचा याहून नेमका अर्थ कुठे सापडला नाही.

बाबांची व्याख्या वेगळी होती. ते निजामाच्या राज्यात चार इयत्ता उर्दू शिकले होते. नंतर राज्य बदललं, शाळेत मराठी आली आणि आजोबांनी त्यांना मेंढरांमागे लावलं, म्हणून मराठी अक्षर त्यांच्या हाती बसलंच नाही. मराठी ते बोट ठेवून, एकेक अक्षर उचलत वाचायचे. उर्दू मात्र झरझर. डोंगरकडा गावच्या बाजारात कुणी उर्दू छापाच्या कागदात भजी बांधून दिली तर भजी आमची आणि तेलकट कागद त्यांचा. ते म्हणायचे, “राजी म्हंजे मन व्हय म्हनून राहिलं. नाराज म्हंजे मन न्हाई म्हनून राहिलं. मधी कायच न्हाई.” आणि सही ते उर्दूतच करायचे. कागदावरची सगळी मराठी डावीकडून चालत यायची आणि खाली बाबांची सही उजवीकडून तिला भेटायला निघायची. लहानपणी मला ती जादू वाटायची. सोळाव्या वर्षी तिची लाज वाटायला लागली.

लाज फक्त सहीची नव्हती. बाबा गावातल्याच शाळेत शिपाई होते. व्हरांड्यात आडव्या बांबूला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, आणि लोखंडी दांड्यानं त्याच्यावर ठोके देणं हे त्यांचं मुख्य काम. बाकीचा वेळ ते वर्गांबाहेर स्टुलावर बसलेले असत. शाळेतल्या शिपायाला सगळी पोरं मामा म्हणतात, तशी त्यांनाही म्हणायची. त्यामुळे मी अख्ख्या शाळेचा मामेभाऊ झालो. “काय मामेभाऊ, आज घंटी लवकर देयाला सांग की मामाला,” असं रोज कुणीतरी म्हणायचंच. त्यात दुष्टावा नव्हता. आज तीच पोरं, आता टक्कल पडलेली, बाजारात भेटली की बाबांची आठवण काढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण तेव्हा मी बारावीला होतो, त्याच शाळेत, माझं अक्षर वळणदार होतं, निबंधात पहिला नंबर होता, आणि माझ्या प्रत्येक तासाचा शेवट माझा बाप लोखंड बडवून करत होता.

मराठीच्या सरांनी त्या वर्षी माझ्या निबंधातल्या ‘नाराज’ या शब्दाखाली लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘परका शब्द. असंतुष्ट लिहावे.’ मला ती रेघ फार आवडली. घरातल्या शब्दापेक्षा मोठा, जोडाक्षरांचा, शेळीला कधीच लावता येणार नाही असा शब्द मला मिळाला होता. मी दिसेल तिथे असंतुष्ट लिहायला लागलो. खरं सांगायचं तर मी होतोही तसाच. अंबाडीच्या भाजीवर असंतुष्ट, शेळीच्या दुधाच्या चहाला येणाऱ्या वासावर असंतुष्ट, बाबांच्या खाकी टोपीवर असंतुष्ट. मायनं लसणाची फोडणी दिली की सगळं घर त्या चर्र आवाजानं भुकेलं व्हायचं, आणि मी पुस्तकात डोकं घालून ऐकलं नसल्यासारखा बसायचो. आता त्या फोडणीचा नुसता आवाज ऐकायला मिळावा म्हणून काय देईन!

त्याच वर्षी शाळेत नवे मोठे बाबू, म्हणजे मुख्य कारकून आले. वाशीमकडचे होते. त्यांच्या घरी तान्हं लेकरू होतं, त्याला शेळीचं दूध चांगलं म्हणून बाबा रोज सकाळी एक तांब्या त्यांच्या दारात पोचवायचे. कुणी मागितलं नव्हतं, बाबांनीच सुरू केलं होतं. पण दिलेलं दूध दोन महिन्यांत हक्काचं झालं. एका शनिवारी शेळी खरोखरच आटली आणि तांब्या गेला नाही. बाबू व्हरांड्यात आले, दहावीचा वर्ग बाहेर रांगेत उभा होता, मी पाण्याच्या टाकीपाशी होतो, आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “काहून हो मामा, दूध नाही आलं आज? घंटी वाजवाचीच ताकद उरली काय फक्त?”

बाबा शांतपणे म्हणाले, “बाबू, शेळी नाराज हाय.”

रांगेत खसखस पिकली. बाबूंचा चेहरा लाल झाला. “मी तुम्हाले गमतीनं नाही विचारून राहिलो.”

“गंमत न्हाई जी,” बाबा म्हणाले. “शेळी कालपासून नाराज हाय. मी आजपासून हाव.”

मग जे हसू उठलं ते पार पटांगणापर्यंत गेलं. माझ्या पाठीवर थाप मारून एकानं विचारलं, “आन मामेभाऊ, तू कवापासून?” आज वाटतं, त्या दिवशी बाबा ज्या ताठ मानेनं उभे होते ती मान पाहून मला अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या बापानं शेळीचं नाव घेतलं आणि सगळी शाळा हसली.

बाबूंनी उद्धटपणाची लेखी तक्रार केली. हेडसर सरळ माणूस होते. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, दोघांनीही सोमवारी लिहून द्या की आपसात मिटलं, म्हणजे मी फाईल बंद करतो. बाबा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. हातात दोन कोरे कागद, एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. म्हणाले, “बापू, हेडसरला द्यायला राजीनामा लिहून दे.”

इथं मला थांबून सांगितलंच पाहिजे, कारण हे मी एक माणूस सोडून आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाबांच्या तोंडी राजीनामा या शब्दाचा अर्थ काय होता, ते मला माहीत होतं. मी आठवीत असताना दोन्ही चुलत्यांचं बांधावरून भांडण झालं होतं आणि पंचांनी ते मिटवलं होतं. त्या दिवशी बाबा घरी येऊन मायला म्हणाले, “राजीनामा झाला.” मी विचारलं होतं, कुणी नोकरी सोडली? बाबा खूप हसले आणि मला समजावून सांगितलं की राजीनामा म्हणजे राजी झाल्याचा कागद, दोन्हीकडची माणसं खूष झाल्याची लिखापढी. नोकरी सोडण्याशी त्याचा संबंध तुमच्या मराठीनं कुठून जोडला ते त्यांना कळत नव्हतं. आता मी कोर्टात कारकून आहे. आमच्या दफ्तरखान्यात जुन्या राजवटीतले असे कितीतरी कागद आहेत, तडजोडीचे, वर ठळक उर्दूत तोच शब्द लिहिलेला. असा कागद हाताशी आला की मी तो पटकन खाली ठेवतो.

तर बाबांनी शब्द उच्चारला आणि त्याचे दोन्ही अर्थ माझ्यासमोर उभे राहिले. एका अर्थानं उद्या सगळं पूर्ववत होणार होतं, रूळ, दांडा, टोपी, मामेभाऊ. दुसऱ्या अर्थानं ते संपणार होतं. मी स्वतःला सांगितलं, बापाला या अपमानातून सोडवतोय. आणि लिहिलं: ‘माननीय महोदय, सेवेत असंतुष्ट असल्याने मी स्वखुशीने माझ्या पदाचा राजीनामा सादर करीत आहे. तरी तो मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.’ त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माय आतल्या खोलीत ज्वारी निवडत होती आणि सुपाचा आवाज येत होता. पेन्शन बसली की वरचं पत्र्याचं छप्पर बदलायचं, असं तिचं कधीपासून ठरलेलं होतं.

“वाचून दाखव,” बाबा म्हणाले. मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. एकेक ओळखीचा शब्द आला की मान हलवत होते. “खुशी आलं. राजी आलं. मंजूर आलं. बराबर.” मग डोळे उघडून म्हणाले, “ते असंतुष्ट म्हंजे काय?”

मी कागदाकडे बघत म्हणालो, “म्हंजे समाधानी.”

त्यांनी त्या शब्दावर एकदा बोट फिरवलं. मग पेन घेतलं, उजवीकडून सही केली, कागदाची घडी घालून टोपीत ठेवली आणि शेळ्या सोडायला गेले.

सोमवारी सकाळची प्रार्थना झाली तेव्हाच कागद ऑफिसात गेला होता. पहिल्या तासाला मी खिडकीतून पाहिलं. बाबा स्टुलावर बसले होते आणि मोठे बाबू स्वतः कपात चहा घेऊन त्यांच्यापाशी आले होते. बाबूंनी त्यांचा हात हातात घेतला. हसून काहीतरी बोलले. बाबांनी चहा घेतला. बाबू का हसत होते ते मला कळत होतं. दुसऱ्या तासाला वर्गातला एक मित्र ऑफिसातून हजेरीपुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, “अरे, बाबू दुपारच्या गाडीनं हिंगोलीला चाललेत, संस्थेच्या अध्यक्षसाहेबाकडं. कसला तरी कागद मंजूर करून आनायचा म्हने, लय खुशीत हाईत.” दुपारची गाडी मधल्या सुट्टीत फाट्यावर यायची. म्हणजे माझ्याकडे दोन तास होते, आणि ते संपल्याचं मला बाबाच ठोके देऊन सांगणार होते.

दुसऱ्या तासाची घंटा झाली. तीच घंटा, वर्षानुवर्षं ऐकलेली, आधी एक मोठा ठोका आणि मागून त्याची लांबत जाणारी गुणगुण. त्या दिवशी मला ती पहिल्यांदाच नीट ऐकू आली. मी ही नोकरी घालवतोय हे मला तेव्हापर्यंत कागदावरच्या वाक्यासारखं वाटत होतं. आता वाटलं, उद्या हा आवाज दुसऱ्या कुणाच्या हातचा असेल आणि बाबा घरी बसून तो ऐकतील. कुणी विचारलं तर म्हणतील, आमी तर राजी झालो होतो, मग काहून काढलं? तिसरा तास सुरू झाला. सर फळ्यावर गणित सोडवत होते. मी उभा राहिलो आणि काही न विचारता वर्गाबाहेर पडलो. सर मागून ओरडले. व्हरांड्यातून जाताना बाबा स्टुलावरून उठले, “काय झालं रे?” मी थांबलो नाही.

हेडसरांच्या टेबलावर तो कागद नव्हता. तो बाबूंच्या बॅगेत होता. मी कसाबसा म्हणालो, “सर, बाबांचा कागद मी लिहिलाय. त्यात चूक झालीय. त्यांना मिटल्याचं लिहायचं होतं.” हेडसरांनी बाबूंना बोलावलं, कागद मागवला, चष्मा लावून वाचला. “मामा नोकरी सोडतायत हे तुम्ही मला सकाळी का नाही सांगितलं?” त्यांनी बाबूंना विचारलं. बाबू म्हणाले, “तुम्ही तासावर होते सर. आवक नंबर देऊन टाकला मी. सही हाय त्याईची, स्वखुशीनं लिहेल हाय.” हेडसरांनी बाबांना आत बोलावलं आणि कागद मोठ्यानं, अर्थ सांगत वाचून दाखवला. असंतुष्ट म्हणजे नाराज, हेही सांगितलं. मग माझ्याकडे वळले. “आणि तू? तुला राजीनामा म्हणजे काय ते माहीत नाही? निबंधात पहिला येतोस ना?”

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, हे कबूल करतो. पण त्याआधी बाबा बोलले. “लेकराची चूक न्हाई सर. म्याच राजीनामा म्हनलो. आमच्या टायमाला राजीनामा म्हंजे राजी व्हनं. त्यानं म्या सांगितला तसा लिहिला. असंतुष्ट बी म्याच म्हनलो आसंन.”

“मामा, तुम्ही असंतुष्ट म्हणालात?” हेडसरांना हसू आवरेना.

“मानूस कायबी म्हनतो जी, रागात.”

बाबू म्हणाले, “पन आवक झाला सर तो. नंबर पडला.” हेडसर म्हणाले, “नंबर राहू द्या. त्याच नंबराला दुसरा कागद लावू.” त्यांनी मला समोर बसवलं, कोरा कागद दिला आणि बाबांना म्हणाले, “तुम्ही सांगा, तुमच्या शब्दात. हा जसंच्या तसं लिहील.” बाबांनी सांगितलं, मी लिहिलं. ‘शेळी आटल्यामुळे दूध आले नाही. त्यावरून बाबूसाहेबांचे व माझे बोलणे झाले. त्यांची नाराजी नाही, माझी नाराजी नाही. आम्ही दोघे राजी आहोत.’ खाली उजवीकडून निघालेली सही. बाबूंनी पेन बराच वेळ हातात धरलं, मग त्यांनीही केली. एवढ्यात हेडसरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मामा, घंटा पाच मिनिटं उशिरा चालली आज.” बाबा धावतच बाहेर गेले. तास सोडून गेल्याबद्दल गणिताच्या सरांनी मला दोन दिवस बाकावर उभं केलं. ती शिक्षा मला इतकी हलकी वाटली की मी ती भोगताना जवळजवळ आनंदात होतो.

बाबांनी नंतर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. दोन वर्षं त्यांनी नोकरी पुरी केली. पेन्शन बसली, छप्पर बदललं, माझं पुढचं शिक्षण त्यातूनच झालं. त्या पेन्शनच्या प्रत्येक घासासोबत मी स्वतःला सांगत आलो की बाबांना माझं कळलेलं नाही, ते शब्दाच्या गोंधळालाच चूक समजले, आणि हे त्यांना कधीतरी सांगायला हवं. सांगायचं धैर्य व्हायला दहा-बारा वर्षं लागली. तोवर ते बरेच थकले होते. मी कोर्टात नोकरीला लागलो होतो आणि रविवारी गावी गेलो होतो. दुपारचं ऊन ओट्यावरून मागं सरकलं होतं. माय आत चहा ठेवत होती. मी म्हणालो, “बाबा, त्या राजीनाम्याचं तुमाला सांगायचं हाय. मला तुमचा अर्थ माहीत व्हता. अन् असंतुष्ट म्हंजे समाधानी म्हनलो, ते बी खोटं बोललो.”

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “ठावं हाय.”

“हेडसरांनी सांगितलं तवा कळलं?”

“तू सांगितलास तवाच.” मग जरा सावरून बसले. “तीस वर्सं वर्गाच्या भाईर बसलो की रे मी. आतून सर शिकवून राहायचे, न्याय अन्याय, ज्ञान अज्ञान. अ लागला की समदं उलटं व्हतं, यवढं मला बी आलं. समाधान आसतं तर त्याच्याम्होरं अ कशाला लावला असतास?”

मी विचारलं, “मग सही काहून केलात?”

“तू खाली मान घालून बसला व्हतास. मला वाटलं, लेकराला आपली घंटी नगं झाली. माजी तर हयात गेली, तुला अजून लय दिस लोकात बसायचंय. सोडावं मग. दोन वर्साचा काय हिशेब.” त्यांनी पाय लांब केले. “पर सोमवारी तू समद्या वर्गासमोर उठून आलास. आन म्या म्हनलं, आता न्हाई सोडायचं.”

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, “नाराज हाव का माह्यावर?”

“व्हतो की,” ते म्हणाले. “रईवारी दुपारपासून सोमवारी तिसऱ्या तासापस्तोर.”